कणा नसलेल्या जीवांची नोंद कोण ठेवणार?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अरबी समुद्र तापत असल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात आता दर उन्हाळ्यात आणि दर चक्रीवादळाच्या वेळी येतात. त्यांत पावसाची चर्चा असते, वादळाचा मार्ग असतो, पापलेट आणि सुरमईचे चढलेले दर असतात. क्वचित पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांचे छायाचित्रही असते. परंतु समुद्रातल्या ज्ञात प्राणिजातींपैकी बहुसंख्य जाती ज्यांच्या आहेत, त्या अपृष्ठवंशीय प्राण्यांविषयी, म्हणजे कोळंबी, जवळा, खेकडे, शेवंड, तिसऱ्या, कालवे, म्हाकूल, तारामासे आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे त्यांचे डिंभ (अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले) यांच्याविषयी, फारच थोडे वाचायला मिळते. वाढत्या तापमानाचा परिणाम या प्राण्यांवर ते मरण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. तो वेळीच ओळखायचा असेल तर कोकण किनाऱ्यावर सलग, वर्षानुवर्षे मोजमाप झाले पाहिजे आणि ते सामान्य वाचकापर्यंत पोहोचले पाहिजे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कोल्हापूर आणि समुद्र यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे, आणि इथल्या जेवणाची ओळख तांबड्या-पांढऱ्या रश्शाने होते, हे खरे आहे. तरीही जिल्ह्यातल्या कोणत्याही आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या पाटीपाशी क्षणभर थांबून पाहावे. बोंबलाच्या शेजारी जवळा आणि सोडे मांडलेले असतात, ते मासे नव्हेत. जवळा हा दोन-चार सेंटिमीटर लांबीचा, कोळंबीच्या नात्यातला संधिपाद प्राणी आहे आणि सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. ओल्या मासळीच्या गाड्या फोंड्याच्या आणि गगनबावड्याच्या घाटाने वर येतात, आणि सुट्ट्या लागल्या की त्याच घाटांनी आपल्या गाड्या तारकर्ली-मालवणकडे उतरतात. त्यामुळे हा विषय केवळ किनाऱ्यावर राहणाऱ्यांचा आहे, असे मला वाटत नाही.

माझी नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली, म्हणून मूळ मुद्द्यापासून सुरुवात करते. माणसाचे शरीर बाहेर थंडी असो की ऊन, आपले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखते. तिसरीला किंवा खेकड्याला ती सोय नाही. भोवतालचे पाणी जितके गरम, तितकेच त्यांचे शरीर गरम. अशा बहुतेक प्राण्यांत तापमान दहा अंशांनी वाढले की चयापचयाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, म्हणजे हिशेबाने एका अंशामागे सात ते बारा टक्के. प्राणी काहीही न करता तळाशी पडून राहिला तरी त्याला पूर्वीपेक्षा अधिक अन्न आणि अधिक ऑक्सिजन लागतो. गरम पाण्यात ऑक्सिजन मात्र कमी विरघळतो. मागणी वाढत असतानाच पुरवठा आटतो आणि प्राणी या कात्रीत सापडतो. उष्णता सोसण्याची मर्यादा इथेच ठरते, अशी मांडणी जर्मन शास्त्रज्ञ हान्स-ओट्टो पोर्टनर यांनी केली आहे. ती सर्व प्राण्यांना सारखीच लागू पडते का, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, परंतु खर्च वाढतो याविषयी नाहीत. मिळालेल्या ऊर्जेतून आधी जगणे भागवले जाते; जे उरते त्यातून शरीर वाढते, कवच जाड होते आणि अंडी तयार होतात. खर्च वाढला की कपात पहिल्यांदा याच उरलेल्या भागात होते. बाहेरून पाहणाऱ्याला प्राणी धडधाकट दिसतो, प्रत्यक्षात पुढची पिढी कमी झालेली असते.

तिसऱ्या निवडताना घरोघरी एक गोष्ट केली जाते. तोंड उघडे पडलेल्या तिसरीला टिचकी मारून पाहायचे. मिटली तर ती जिवंत, उघडीच राहिली तर टाकून द्यायची. शिंपला उघडा ठेवण्याचे काम बिजागरीजवळची लवचीक पट्टी आपोआप करते, मिटण्यासाठी मात्र स्नायू आखडावा लागतो, आणि मेलेल्या प्राण्याला ते शक्य नसते. ओहोटीत उघडा पडलेला शिंपलाही असाच मिटून घेतो, कारण आतले पाणी त्याला जपायचे असते. पण मिटल्यावर कल्ल्यांवरून ताजे पाणी वाहणे थांबते, म्हणजे श्वास आणि अन्न दोन्ही बंद होतात. कातळ तापलेला असेल तर उघडल्यावर वाळण्याचा आणि मिटल्यावर आतल्या आत गुदमरण्याचा धोका असतो.

ही स्थिती किती टोकाला जाऊ शकते, ते जून २०२१ च्या अखेरीस उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर दिसले. त्या उष्णतेच्या लाटेत तिथल्या खडकांचा पृष्ठभाग ५० अंशांपर्यंत तापला. शिंपले लाखोंच्या संख्येने उघडे पडून मेले, आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे ख्रिस हार्ले यांनी अंदाज मांडला की किनाऱ्यावरचे शंभर कोटींहून अधिक प्राणी त्या थोड्या दिवसांत दगावले असावेत. तिथे उन्हाळ्यातली सर्वांत खोल ओहोटी दिवसाउजेडी, दुपारच्या सुमारास येते, आणि लाट नेमकी त्याच दिवसांत आली.

कोकणात भरती-ओहोटीचे वेळापत्रक वेगळे आहे. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि सर्वांत खोल ओहोटी सकाळी व संध्याकाळी, त्यामुळे खालच्या पट्ट्यातले प्राणी भर उन्हात उघडे पडत नाहीत. भर दुपारची ओहोटी येते ती अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, आणि तेव्हा पाणी फारसे खाली जात नाही. किनाऱ्याच्या वरच्या पट्ट्यातल्या प्राण्यांना मात्र ही सवलत नाही. मार्चमधल्या सहलींत विद्यार्थ्यांना घेऊन देवगडच्या कातळावर अशा दुपारी गेल्यावर दगडाला हात टेकवत नसे. लिंपेट, म्हणजे टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायी, कातळाला घट्ट चिकटून बसलेल्या असत. फटींच्या सावलीच्या बाजूला इतर गोगलगायींची दाटी असे. वाटाण्याहून लहान लिटोरिना गोगलगायी तर पाय पूर्ण आत ओढून घेत आणि कवचाच्या कडेला सोडलेल्या वाळक्या चिकट स्रावाच्या आधाराने दगडाला टांगून राहत. तापलेल्या दगडाला शरीराचा कमीत कमी भाग लागावा, यासाठीची ही युक्ती आहे. भिंगातून ते पाहताना विद्यार्थी गप्प होत. ही युक्ती हजारो पिढ्यांत घडलेली आहे आणि ती एका ठरावीक उन्हासाठी घडलेली आहे.

आपला समुद्र मुळातच उबदार, इथले प्राणी उष्णतेला सरावलेले, तेव्हा त्यांना एका-दीड अंशाने काय होणार, असे सुशिक्षित माणसांकडूनही ऐकायला मिळते. पुरावा नेमका उलट आहे. जोनाथन स्टिलमन यांनी पोर्सेलीन खेकड्यांच्या अनेक जातींची तुलना करून २००३ साली दाखवून दिले की ज्या जाती जास्त उष्णता सोसतात, त्या आधीच आपल्या सोसण्याच्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ जगत असतात, आणि सवयीने ती मर्यादा आणखी वर नेण्याची त्यांची कुवत थंड पाण्यातल्या जातींपेक्षा कमी असते. उष्ण कटिबंधातल्या प्राण्याला वरच्या बाजूला मोकळी जागा थोडीच असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे उन्हाळ्यातले तापमान १.२ अंशांनी वाढले. जिथे जागाच थोडी, तिथे ही वाढ लहान म्हणता येणार नाही.

शिवाय तापलेल्या समुद्रात मरण येते ते नेहमी थेट उष्णतेनेच येते असेही नाही. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रातल्या स्नो क्रॅब या खेकड्याचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २०१८ मध्ये त्यांची संख्या उच्चांकावर होती. २०२१ च्या पाहणीपर्यंत एक हजार कोटींहून अधिक खेकडे नाहीसे झाले होते, आणि २०२२ मध्ये इतिहासात प्रथमच त्यांची मासेमारी बंद ठेवावी लागली. पाणी त्यांना थेट मारण्याइतके तापलेच नव्हते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की समुद्री उष्णतेच्या लाटेमुळे त्यांची भूक वाढली, थंड पाण्याचा त्यांचा टापू आक्रसला, तेवढ्याच जागेत दाटी झाली, आणि बहुधा उपासमारीने ते संपले. ज्यांच्या पोटाचा हिशेब कोणी ठेवला नव्हता असे प्राणी बहराच्या शिखरावरून दोन-तीन वर्षांत कोसळले. आपल्याकडे जवळ्याचा किंवा कोळंबीचा हंगाम एखाद्या वर्षी भरघोस आला की समुद्र ठीक आहे असे आपण मानतो. त्या मानण्याला या उदाहरणाने मोठा तडा जातो.

अरबी समुद्रात ऑक्सिजनचा प्रश्न आणखी बिकट आहे. या समुद्राच्या मधल्या थरात, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खाली, ऑक्सिजन अत्यल्प असलेला जगातला एक मोठा पट्टा नैसर्गिकरीत्याच आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे, ऑक्सिजन कमी असलेले पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागाकडे चढते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले सय्यद वाजिह अहमद नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले होते की पावसाळ्याच्या शेवटी आपल्या किनाऱ्यालगतच्या तळाशी ऑक्सिजन जवळजवळ संपतो आणि ही स्थिती तीव्र होत चालली आहे. माशाला पोहून बाजूला जाता येते. तळातल्या वाळूत रुतलेल्या शिंपल्याला आणि बिळात राहणाऱ्या कृमीला कुठे जाता येणार? समुद्राचे तापमान आणि ऑक्सिजन या दोन वेगळ्या बातम्या नाहीत. वरचा पाण्याचा थर तापला की तो हलका होतो, खालच्या पाण्यात मिसळत नाही, आणि खाली ऑक्सिजन पोहोचणे व खालून पोषकद्रव्ये वर येणे, दोन्ही मंदावते.

या पोषकद्रव्यांवरच वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतात, आणि तिथे आपण अपृष्ठवंशीयांच्या सर्वांत नाजूक वयापाशी येतो. कोळंबीची मादी समुद्रात अंडी सोडते. त्यांतून बाहेर पडणारा नॉप्लियस नावाचा डिंभ खात नाही, तो अंगातल्या बलकावर जगतो. कात टाकत टाकत तो पुढच्या अवस्थेत जातो तेव्हा त्याला प्रथमच बाहेरचे अन्न लागते, आणि ते म्हणजे सूक्ष्म वनस्पती प्लवक. त्यानंतर मायसिस ही अवस्था येते आणि अखेरीस इवलीशी कोळंबी भरतीबरोबर खाडीत, कांदळवनांच्या मुळांशी येऊन वाढते. गरम पाण्यात हे टप्पे भराभर उरकतात. वरवर पाहता हे चांगले वाटेल. परंतु बलकही भराभर संपतो, आणि ज्या दिवशी डिंभ प्रथम खायला लागतो त्या दिवशी पाण्यात योग्य आकाराचे प्लवक नसतील तर तो वाचत नाही. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवकांचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडले आहे. शिंपल्यांच्या आणि कालवांच्या डिंभांना त्याखेरीज पहिले कवच घडवायचे असते, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून समुद्राचा सामू (पीएच, जो आम्लता वाढली की उतरतो) औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सुमारे ८.२ वरून ८.१ वर आल्यामुळे ते काम अधिक खर्चाचे झाले आहे. सामूतली ही घट दिसायला किरकोळ असली, तरी आम्लता त्यामुळे पाव हिश्श्याहून अधिक वाढलेली आहे.

पाणी तापले की प्राणी थंड पाण्याकडे सरकतात, आणि जगभर हे दिसतेही आहे. ईशान्य अटलांटिक महासागरात उष्ण पाण्यातले कोपेपॉड, म्हणजे माशांच्या पिलांचे मुख्य अन्न असलेले सूक्ष्म संधिपाद, चाळीस वर्षांत सुमारे एक हजार किलोमीटर उत्तरेकडे पोहोचले आणि थंड पाण्यातले मागे हटले. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा लांब काट्यांचा अर्चिन हा गोल, काटेरी प्राणी तापलेल्या प्रवाहाबरोबर टास्मानियात शिरला आणि त्याने तिथली केल्प शैवालाची समुद्री जंगले खरवडून काढली. आपल्या किनाऱ्यावरच्या प्राण्यांना उत्तरेकडे सरकायला किती वाव आहे, हे नकाशा उघडून पाहावे. रत्नागिरीचा प्राणी गुजरातपर्यंत जाईल, फार तर पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यापर्यंत; त्यापुढे जमीन आहे. अटलांटिक आणि पॅसिफिक हे महासागर उत्तरेला दूरवर पसरलेले आहेत, अरबी समुद्र मात्र २५ अंश अक्षवृत्ताच्या आसपास आशिया खंडाने बंद केला आहे. उरतो तो खोलीचा मार्ग, आणि तिथे ऑक्सिजन नसलेले पाणी आहे. हा मुद्दा आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने मांडला जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वच प्राणी हरतात असे मात्र नाही, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हाकूल, माखली आणि ऑक्टोपस यांच्या अनेक जातींची संख्या गेल्या सहा दशकांत जगभर वाढल्याचे २०१६ मधल्या एका व्यापक अभ्यासात आढळले. वर्ष-दोन वर्षांचे आयुष्य आणि झपाट्याची वाढ यांमुळे बदलत्या परिस्थितीचा फायदा त्यांना लवकर उठवता येतो. प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआत, ओहोटीला तापणाऱ्या डबक्यांतले प्रवाळ शेजारच्या थंड डबक्यांतल्या प्रवाळांपेक्षा अधिक उष्णता सोसतात, आणि थंड जागेतले प्रवाळ तिथे नेऊन लावल्यावर त्यांनीही दोन वर्षांच्या आत काही प्रमाणात ती क्षमता मिळवली. जुळवून घेण्याची शक्ती सजीवांत आहे. परंतु ती किती आहे, कोणत्या जातीत आहे आणि किती वेगाने कामाला येते, हे प्रत्येक किनाऱ्यावर प्रत्यक्ष मोजूनच कळते. म्हाकूल वाढले म्हणून तिसऱ्यांचेही बरे चालले असेल, असे अनुमान काढता येत नाही.

मालवणच्या प्रवाळांविषयी कोल्हापूरकर म्हणून विशेष लिहावेसे वाटते. तिथले सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पाण्यात उतरून प्रवाळ पाहणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यातले पर्यटक मोठ्या संख्येने असतात. प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे, आणि त्याच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल त्याला अन्न पुरवते. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एका अंशाने अधिक गरम झाले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, तो उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो. त्या आठवड्यांत त्याच्यावर पाय पडला, नांगर पडला किंवा ढवळलेला गाळ बसला, तर सावरण्याची संधी जाते. २०१० च्या उष्णतेनंतर थायलंडने जानेवारी २०११ मध्ये पाण्याखाली बुडी मारण्याची १८ ठिकाणे पर्यटकांसाठी बंद केली होती. हैदराबादचे इन्कॉइस हे महासागरविषयक माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने प्रवाळ पांढरे पडण्याच्या धोक्याचे इशारे तयार करते. मालवणच्या पाण्यासाठी असा इशारा मराठीतून, स्थानिक व्यावसायिकांपर्यंत आणि घाटावरच्या पर्यटकांपर्यंत पोहोचावा, आणि त्या काळापुरते प्रवाळांवरचे स्नॉर्केलिंग थांबवून व्यावसायिकांना त्याची भरपाई मिळावी, ही मागणी शासनाकडे करणे अवाजवी नाही. त्यांची रोजीरोटी बुडवून प्रवाळ वाचणार नाहीत.

मोजमापाचे म्हणाल, तर त्यासाठी मोठी जहाजे लागत नाहीत. किनाऱ्यावर ठरावीक कातळ निवडून तिथे तापमान नोंदवणारी छोटी यंत्रे बसवता येतात. त्याच चौकटीत दर महिन्याला बार्नेकल (दगडाला कायमचे चिकटलेले कवचधारी संधिपाद), लिंपेट, शिंपले किती आहेत आणि त्यांत लहान किती, मोठे किती, हे मोजता येते. रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे, सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे आणि प्राणिशास्त्र शिकवणारी अनेक महाविद्यालये आहेत, ज्यांच्या सहली तशाही दरवर्षी कोकणात उतरतात. त्या सहलींत प्राणी बाटलीत भरून आणण्याऐवजी दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजणी झाली, तर वीस वर्षांत या किनाऱ्याची अशी नोंद तयार होईल, जी मागाहून कितीही पैसे टाकून मिळणार नाही. खाडीत उतरून तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बायकांना कोणत्या वर्षी कुठे काय मिळाले, हे तोंडपाठ असते. ते लिहून घेणेही याच कामाचा भाग असावे. राज्यातली पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. कोळंबीचा आणि जवळ्याचा प्रजननकाळ तापमानाबरोबर सरकतो आहे का, हे अशा नोंदींशिवाय सांगता येणार नाही, आणि ते कळल्याशिवाय बंदीच्या तारखांचा वाद केवळ हितसंबंधांवर चालत राहील.

शेवटी एक विनंती थेट आपल्याला. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आपले दैनिक रोज छापते. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे त्यामुळे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही माहीत आहेत, आणि पातळी चढू लागली की नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसे जनावरे हलवण्याच्या तयारीला लागतात. कोकण आवृत्तीत भरती-ओहोटीच्या वेळा देता, त्यांच्या शेजारी किनाऱ्यालगतच्या समुद्राचे त्या दिवसाचे तापमान आणि त्या तारखेचे नेहमीचे सरासरी तापमान, असे दोन आकडे छापता येतील का? इन्कॉइसकडे समुद्राच्या तापमानाची माहिती उपलब्ध असते. हे दोन आकडे कोकण आवृत्तीत आणि आमच्या कोल्हापूर आवृत्तीतही येत्या मार्चपासून, समुद्र तापू लागण्याच्या हंगामात, सुरू व्हावेत अशी माझी विनंती आहे. त्यांचा अर्थ वाचकांना समजावून सांगणारे टिपण लागले, तर ते लिहून द्यायला मी तयार आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर